दुखायचं थांबलं म्हणजे रूट कॅनल संपलं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, डॉक्टर काम करत असताना लाळ ओढायची नळी धरून शेजारी उभी असते ना, ती. रूट कॅनलला, म्हणजे किडलेल्या दातातली नस काढून तो आतून साफ करून भरण्याला, लोक घाबरतात यावर सगळेच बोलतात, मला लिहायचंय ते अर्धवट सोडून जाणाऱ्यांबद्दल. विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, दुखायचं थांबलं म्हणून आलो नाही.

हे थांबणं फार फसवं असतं हो. कीड आत आत जात दाताच्या मधल्या मऊ भागापर्यंत म्हणजे पल्पपर्यंत (यालाच आपण नस म्हणतो) पोचली की तिथे सूज येते, आणि चारी बाजूंनी दात कडक, सुजेला पसरायला जागाच नाही, म्हणून ती कळ एवढी जीवघेणी. गार पाणी प्यायलं की कळ येते आणि पाणी गिळून झालं तरी जात नाही, रात्री आडवं पडलं की ठणका अजूनच वाढतो. मग एके दिवशी सगळं एकदम शांत! माणूस खूश, अपॉइंटमेंट कॅन्सल. पण आतली नस मेलेली असते म्हणून ते शांत झालेलं असतं, आणि जंतू मुळाच्या टोकातून बाहेर हाडाकडे निघालेले असतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन गप्प बसणाऱ्यांचंही तसंच, मेलेल्या पल्पमध्ये रक्तच जात नाही तर औषध तिथे पोचणार कसं?

आता खुर्चीत बसल्यावर काय होतं ते सांगते, कारण ते कुणी नीट सांगत नाही. आधी एक्स-रे, मग बधीर करायचं इंजेक्शन. खालची दाढ फार सुजलेली असेल तर कधीकधी पहिल्या इंजेक्शनने पूर्ण बधीर होत नाही, हे खरंय, पण मग अजून देता येतं, तुम्ही फक्त हात वर करा. दात खाऊन सहन करत बसू नका, तिथे शूरपणाचं बक्षीस नाहीये. मग दातावर रबराचं शीट लावतात, ते गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून लोक कुरकुरतात पण आत जे औषध सोडून धुतात ते ब्लीचच्या जातीचं असतं, ते घशात जाऊ नये आणि लाळ दातात जाऊ नये म्हणून ते शीट. नंतर केसासारख्या बारीक फाइल, म्हणजे छोट्या कानशी, कॅनलमध्ये म्हणजे मुळातल्या बारीक नळीत घालून साफ करत जायचं, शेजारी छोटं मशीन टुक टुक करत असतं, आवाज बदलला की डॉक्टरांना कळतं मुळाचं टोक आलं. पुढच्या दाताला बहुधा एकच कॅनल, खालच्या दाढेला बहुतेक वेळा तीन आणि वरच्या पहिल्या दाढेत चौथा कुठेतरी लपलेला असतो, तो शोधण्यातच कितीतरी वेळ जातो. तोंड उघडं ठेवून जबडा भरून येतो, ते मात्र खरंच कंटाळवाणं आहे.

काही वेळा एकाच सिटिंगमध्ये होतं, इन्फेक्शन जास्त असेल तर आत औषध ठेवून वरून टेम्पररी फिलिंग करतात आणि पुन्हा बोलावतात. पेशंट गायब होतो तो इथेच. टेम्पररी फिलिंग काही आठवडे टिकण्यापुरतंच असतं, ते झिजतं, फटीतून लाळ आत जाते आणि केलेली सगळी सफाई वाया. असा दात काही महिन्यांनी पुन्हा उघडला की जो वास येतो तो मास्कमधूनही कळतो.

नंतरचे दोनचार दिवस चावताना दुखू शकतं. "नस काढली तरी दुखतं कसं" हा प्रश्न हमखास येतो. दाताच्या आतली नस गेली तरी मुळाभोवतीचे धागे जिवंतच असतात, त्यांना सूज असते. डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी वेदनाशामक गोळी घ्यायची, त्या बाजूने कडक काही चावायचं नाही, एवढं बहुतेकांना पुरतं. दिवसेंदिवस कमी न होता वाढत गेलं तर मात्र फोन करा.

आणि कॅप! पक्कं फिलिंग झालं, दुखत नाही, मग कॅप कशाला, डॉक्टर पैसे काढतायत, हे मी तोंडावर ऐकलंय. अहो दाढ आतून पोखरलेली असते, चावण्याचा सगळा जोर तिच्यावर, ती उभी चिरली आणि चीर मुळापर्यंत गेली की काढण्याशिवाय इलाज नाही. पुढच्या दाताला नेहमी कॅप लागतेच असं नाही पण दाढेला बहुतेक वेळा लागते. शिवाय त्या दाताला पुन्हा कीड लागली तर ठणकून सांगायला आत नस नाही, म्हणून मधूनमधून दाखवत राहायचं.

काही दात वाचण्यापलीकडे गेलेले असतात, तेव्हा ते काढणंच बरोबर, त्यात वाद नाही. आणि चूक सगळी पेशंटचीच असंही मी म्हणणार नाही, हातात पुढची तारीख लिहिलेलं कार्ड दिलं म्हणजे समजावून सांगितलं असं आमच्याकडच्याही बऱ्याच जणांना वाटतं. किती कॅनल मिळाले, आज आत काय ठेवलंय, कॅप कधी, हे खुर्चीतून उठायच्या आधी विचारा, उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात.

एक गोष्ट मात्र तारखेची वाट बघण्यासारखी नाही. गाल किंवा गळा सुजत चाललाय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर दाताचा दवाखाना कधी उघडतो ते बघत बसू नका, रात्र असली तरी सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

आपली,
एक डेंटल असिस्टंट