पुडीवर लिहिलं होतं, ‘जिवंत’

मखमलाबाद रोडच्या नर्सरीतले मामा, नमस्कार.

डिसेंबरात काखेत मातीची कुंडी धरून एक रडवेला माणूस आला होता, आठवतोय? तो मी.

लेक जर्मनीला जाताना तिचं कॅलेडियम माझ्या गळ्यात घालून गेली. पानं बदामाच्या आकाराची, मधे गुलाबी, कडेला हिरवी. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्याआधी त्याची चौकशी. दिवाळीनंतर गारठा वाढला आणि एकेक पान मान टाकू लागलं. मी पाणी वाढवलं. जिथून घेतलं होतं तिथे गेलो, तर मोबाइलमधून डोकं वर न काढता ‘मेलंय, नवीन न्या’. दुसऱ्याने औषधाची बाटली गळ्यात मारली. तेव्हापासून मी फोन गॅलरीकडे वळूच दिला नाही.

तुम्ही कुंडी जमिनीवर पालथी केलीत. मातीतून कंद शोधलात आणि लासलगावात कांदा बघतात तसा अंगठ्याने दाबलात. मऊ लागला तेवढा भाग चाकूने उडवलात. ‘मेलं कुठं? झोपलंय. अन् तुम्ही झोपेत पाणी पाजताय!’

मग वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून कानावरच्या पेनने लिहिलंत: ‘जिवंत. रंगपंचमीला लावणे.’ वर म्हणालात, नाशकातल्या रहाडी, रंगपंचमीचे ते रंगाचे हौद, तरी कुठं वर्षभर उघड्या असतात? पैसे घेतले नाहीत.

सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो ‘जिवंत’ हा शब्द. काही महिने दुसरं कुणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. पुडी मसाल्याच्या डब्याशेजारी, कोरडीठाक. बायकोने आल्याचा तुकडा समजून दोनदा उघडली. तुमच्या अक्षराने कंद वाचला, आणि आमचे घसेही. आळूच्याच कुळातलं ना ते, खाजलं असतं!

गिऱ्हाईक नवी कुंडी घ्यायला तयार असताना त्याचीच जुनी त्याच्या हातात परत ठेवणारे दुकानदार नाशकात अजून आहेत, हे मला साठीला आल्यावर कळलं.

रंगपंचमीला लावलं. तीन आठवडे नुसती माती. रोज सकाळी चष्मा लावून वाकायचो. एप्रिलात एक गुलाबी सुरळी वर आली, आज सात पानं आहेत. परवा फोन गॅलरीकडे वळवला. लेक म्हणाली, ‘बाबा, खरं सांगा, हे तेच आहे की नवीन आणलंत?’

मी पुडीचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला.