हलमा म्हणजे नुसती खोदाई नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

झाबुआच्या हातीपावा टेकडीवरील भिल्लांचा 'हलमा', म्हणजे सर्वांनी मिळून पाणी अडवणारे चर खोदण्याचे श्रमदान, आता इंदूरलाही ठाऊक झाला आहे. इथल्या टेकड्यांवर तशा श्रमदानाचा बेत करणाऱ्यांनी मात्र नुसते कुदळी उगारलेले फोटो पाहू नयेत. त्या भागातील खरी शहाणीव खोदून झाल्यानंतरच्या कामात आहे.

पूर्वीच्या झाबुआ जिल्ह्यातील भिताडा गावची, ओढ्याचे पाणी पाटाने शेतात नेण्याची पाट पद्धत पाहा. ओढ्यात दगड रचून आडबांध घालायचा, फटी सागाच्या पानांनी आणि मातीने लिंपायच्या. वाटेत नाला आडवा आला की त्यावरून दगडी पन्हाळ न्यायची. पावसाळ्यात हे भाग हटकून वाहून जातात. डागडुजी करून पाणी पुन्हा खेळते व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला रब्बीची पेरणी. ज्या घराची पाण्याची पाळी, त्या दिवशी पाटाची राखणही त्याच घराकडे. आपल्या श्रमदानात हा नियम कुठेच नसतो.

टेकडीवरच्या चरांचेही तसेच. काम माथ्यापासून पायथ्याकडे यावे. समपातळी नजरेने ठरवू नये. दोन बांबू, एक आडवी पट्टी आणि ओळंबा यांची ए-फ्रेम (इंग्रजी A आकाराची चौकट) पुरते. ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीवर जिथे येते तिथे खूण करून चौकटीचे पाय अदलाबदल करावेत, दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या मध्यावर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. तीन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल चरात साडेसातशे लिटर पाणी मावते. खोदलेली माती उताराच्या खालच्या बाजूला, पण काठापासून वीतभर सोडून टाकावी, नाहीतर पहिल्याच सरीत ती परत चरात येते. वरच्या ओळीतील दोन चरांमधल्या मोकळ्या जागेसमोर खालचा चर यावा. चर किंचित जरी तिरका गेला तरी पाणी एका टोकाला धावते, तिथे भराव फुटतो आणि घळ पडते. असा चर नसलेला बरा!

आणखी एक. हे काम मुरमाड उताराचे. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात. तिथे चरात पाणी मुरत नाही, नुसते तुंबते.

म्हणून आयोजकांना विनंती, की खोदाईआधीच प्रत्येक ओळीसाठी चार नावे ठरवावीत. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्यांनी फावडे घेऊन फिरावे, फुटलेला भराव बांधावा आणि दिवाळीनंतर गाळ काढावा.

— जलसंधारणाचे काम करणारे काही वाचक, इंदूर