तक्रार पत्र: कॅबिनेटवर छापलंय ८ ओम, आत आहेत ४

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बास कॅबिनेटवर (स्पीकरच्या पेटीवर) चुकीचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा, ओममध्ये) छापल्यामुळे अँपचं हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप्लिफायर) जळाल्याबद्दल, आणि जॉब शीटवर माझ्या नावाने लिहिलेला शेरा मागे घेण्याबद्दल.

महोदय / महोदया,

मी १९ वर्षं बास गिटार वाजवते आणि त्यातली ८ वर्षं शिकवते आहे. आजवर कुठल्याही कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलेलं नाही. हे लिहिते आहे, कारण तुमच्या सर्व्हिस सेंटरने मला दिलेल्या जॉब शीटवर "चुकीचा लोड जोडल्यामुळे आउटपुट स्टेज निकामी, वॉरंटी लागू नाही" असा शेरा आहे. लोड, म्हणजे हेडला जोडलेल्या स्पीकरांचा एकूण इम्पिडन्स, चुकीचा होता, हे खरं आहे. पण तो चुकीचा लोड तुमच्याच कारखान्यातून, तुमचंच लेबल लावून माझ्या घरी आला होता. हे मी मोजून पाहिलं आहे. कसं मोजलं ते पुढे सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्या तंत्रज्ञाला ५ मिनिटांत पडताळून पाहता येईल.

दीड वर्षापूर्वी मी तुमचं ५०० वॅटचं क्लास डी हेड आणि १० इंची दोन स्पीकरचं एक कॅबिनेट घेतलं. हेडच्या मागे छापलं आहे, किमान लोड ४ ओम; त्याहून कमी ओम जोडले तर हेडला जास्त करंट द्यावा लागतो. कॅबिनेटच्या मागच्या पट्टीवर छापलं आहे, ८ ओम. एकाच कॅबिनेटवर हेड पूर्ण ताकद देणार नाही, हे घेतानाच माहीत होतं. पुढेमागे अगदी तसंच दुसरं कॅबिनेट घ्यायचं, ८ आणि ८ समांतर जोडले की ४ होतात, मग हेड पूर्ण क्षमतेने चालेल, असा हिशोब करूनच ही जोडी निवडली होती. तुमच्या माहितीपुस्तिकेतही हीच जोडणी चित्र काढून दाखवली आहे.

पहिल्या कॅबिनेटबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. ई तार मोकळी वाजवली की सूर ४१ हर्ट्झचा असतो. एवढ्या खालच्या सुराला हवा ढकलायची तर भल्याभल्या कॅबिनेटांचा दम निघतो, पण तुमचं कॅबिनेट तो सूर गुळगुळीत न करता, बोटाचा स्पर्श ऐकू येईल असा देतं. म्हणूनच दुसरंही तुमचंच घेतलं.

ते ७ महिन्यांपूर्वी आलं. तेच मॉडेल, तेच लेबल, ८ ओम. जुन्याच्या डोक्यावर नवं ठेवलं आणि पहिल्याच दिवशी वाटलं की वरच्याचा आवाज जरा मोठा आहे. तेव्हा मी स्वतःचीच समजूत घातली, की वरचं कॅबिनेट कानाच्या जवळ आहे, म्हणून तसं वाटत असेल. आज कळतं, ती पहिली खूण होती. व्होल्टेज तेवढंच असताना ४ ओमचं कॅबिनेट ८ ओमच्या दुप्पट वॅट ओढतं, म्हणजे ३ डेसिबल जास्त. कानाला सहज कळेल एवढा तो फरक आहे.

त्यानंतरच्या तालमीपासून हेड मधूनच गप्प व्हायला लागलं. पुढचा लाल दिवा लागायचा, आठ-दहा सेकंद काहीच नाही, मग आवाज परत. मी वहीत नोंद ठेवायला लागले. बहुतेक वेळा हे ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे ४९ हर्ट्झच्या जी सुरावर व्हायचं. त्याच तारेच्या पाचव्या फ्रेटवर तेवढ्याच जोराने वाजवलं तरी चालायचं. तुमच्या सर्व्हिस सेंटरला ही गोष्ट मी फोनवर सांगितली होती. पलीकडच्या गृहस्थांनी ती लिहून घेतली नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, गिटारची केबल तर लावली नाही ना स्पीकरला?"

हा प्रश्न विचारणं चुकीचं नाही. नवी मुलं ही चूक करतात आणि मी दर बॅचला पहिल्याच दिवशी दोन्ही केबली हातात देऊन फरक दाखवते. गिटारच्या केबलमध्ये मधली तार बारीक असते, भोवती जाळी असते, ती पिकअपचा नाजूक सिग्नल नेण्यासाठी. स्पीकरला अँपिअरमध्ये करंट लागतो, त्याला दोन जाड तारा हव्यात. माझ्याकडे दोन्ही कॅबिनेटांना स्पीकॉनच्या (खास स्पीकरसाठीच्या कनेक्टरच्या) केबली आहेत, २.५ चौरस मिलिमीटरच्या. हे सांगितल्यावर त्यांनी सुचवलं, "मग आवाज जरा कमी ठेवून वाजवा." ड्रम्सच्या शेजारी उभं राहून बास वाजवणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे वाजवूच नका म्हणण्यासारखं आहे. खालचे सूर आपल्या कानाला मुळातच कमी ऐकू येतात, म्हणून तर गिटारवाल्याला ५० वॅट पुरतात तिथे आम्हाला ५०० लागतात.

शेवटी हेड घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. "फक्त हेड आणा, कॅबिनेटची गरज नाही," असं आधी सांगितलं होतं. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. तीन आठवड्यांनी हेड परत मिळालं. ४ ओमच्या डमी लोडवर (स्पीकरऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) दोन तास चालवलं, दोष आढळला नाही, असा शेरा होता. दोष आढळणार कसा? हेडमध्ये तो नव्हताच.

तुमच्या त्या शेऱ्यावर विश्वास ठेवून मी तेच हेड आणि तीच दोन कॅबिनेटं आमच्या वर्गाच्या कार्यक्रमाला नेली. छोटा हॉल होता, साउंड सिस्टिम फक्त गायनासाठी, बास जे काही ऐकू येणार ते या दोन कॅबिनेटांमधूनच. माझ्या १० विद्यार्थ्यांनी आळीपाळीने वाजवलं. त्यात १४ वर्षांची एक मुलगी आहे, तिचा हा पहिलाच कार्यक्रम. एकाच गाण्यासाठी तिने चार महिने घासून तयारी केली होती. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला ड्रम्स थांबतात आणि दोन मात्रा फक्त बास असतो. तिने जी सूर वाजवला आणि हॉलमध्ये काहीच आलं नाही. तार हलताना मला विंगेतून दिसत होती. तिने आधी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग बोट उचलून पुन्हा त्याच फ्रेटवर ठेवलं, मग गिटारचा व्हॉल्यूम चाचपला. तिला वाटलं आपलंच चुकलं. गाणं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. नंतर मी तिला लाल दिवा दाखवला, समजावलं, तरी घरी जाताना तिने विचारलं, "मी जोरात वाजवलं का हो?"

त्याच संध्याकाळी, शेवटच्या गाण्यात, लाल दिवा लागला तो विझलाच नाही. हेड कायमचं बंद पडलं.

या वेळी जॉब शीटवर आला तो शेरा मी सुरुवातीला दिला आहे. तो वाचल्यावर मी प्रथमच मल्टिमीटर घेऊन बसले. हे मी सात महिने आधी करायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण छापील लेबलवर विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक कॅबिनेट मीटर लावून विकत घ्यायचं, अशी अपेक्षा कुठल्याही ग्राहकाकडून करता येत नाही.

दोन्ही कॅबिनेटं हेडपासून सोडवली. स्पीकॉनच्या खोबणीत मीटरच्या काड्या नीट बसत नाहीत, म्हणून शेजारच्या जॅकमध्ये स्पीकर केबल घातली आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या पिनला काड्या लावल्या. काड्या एकमेकींना टेकवल्या तर मीटर ०.३ ओम दाखवत होतं, ते वजा केलं. जुनं कॅबिनेट: ६.२ ओम. नवं कॅबिनेट: ३.१ ओम. पुन्हा मोजलं, केबल बदलून मोजलं. मजल्यावरून कोणी चाललं तरी स्पीकरचा पडदा किंचित हलतो आणि आकडा थरथरतो, म्हणून घर शांत झाल्यावर रात्री परत मोजलं. तेच आकडे.

मीटर डीसी रेझिस्टन्स (स्थिर करंटला होणारा अडथळा) दाखवतं, इम्पिडन्स नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या तंत्रज्ञालाही माहीत असेल, की ८ ओमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो आणि ४ ओमचा तीन ते साडेतीन. ट्वीटरमुळे (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरमुळे) हा फरक पडला असेल, असं म्हणायलाही जागा नाही. ट्वीटर कपॅसिटरच्या मागे असतो, त्यातून डीसी जातच नाही.

एवढ्यावर मी थांबले नाही. कॅबिनेटचा एकही स्क्रू न काढता, पुढच्या पोर्टमधून (हवेसाठीच्या भोकातून) टॉर्च मारून आत पाहिलं. खालच्या स्पीकरच्या चुंबकावरचा गोल स्टिकर तिरका दिसतो. जुन्या कॅबिनेटमध्ये त्यावर १६ ओम आहे. नव्यामध्ये ८ ओम. म्हणजे सगळा उलगडा झाला. १६ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ८ होतात, ते बरोबर आहे. नव्यात ८ ओमचे दोन बसवले, जोडणी तीच ठेवली, आणि कॅबिनेट ४ ओमचं झालं. लेबल मात्र ८ चंच राहिलं. फोटो सोबत जोडले आहेत, मीटरच्या आकड्यांचे आणि स्टिकरचेही.

आता हिशोब तुम्हीच करा. ८ आणि ४ समांतर म्हणजे २.६७ ओम. हेडची किमान मर्यादा ४. म्हणजे ज्या व्होल्टेजवर हेडने जास्तीत जास्त जेवढा करंट द्यायचा, त्याच्या दीडपट त्याच्याकडून मागितला जात होता, आणि तो तुमच्याच पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे जोडणी करून. शिवाय २.६७ हा नुसता नाममात्र आकडा. पोर्ट असलेल्या कॅबिनेटचा इम्पिडन्स पोर्टच्या ट्यूनिंगपाशी, म्हणजे पोर्ट ज्या सुरासाठी बेतलेलं असतं तिथे, खाली येतो आणि जवळपास डीसी रेझिस्टन्सला टेकतो. तुमच्या पुस्तिकेत ट्यूनिंग ५० हर्ट्झ दिलं आहे. तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झ. तिथे दोन्ही कॅबिनेटं मिळून जेमतेम २ ओम उरत असणार. मी फोनवर जे सांगत होते आणि जे लिहून घेतलं गेलं नाही, त्यातच उत्तर होतं.

हेडने बिचाऱ्याने आपलं काम केलं. धोका दिसला की ते स्वतःला बंद करून घेत होतं, सात महिने. पहिल्याच खेपेला कोणी म्हटलं असतं की कॅबिनेटंही आणा, तर तिथल्या तिथे मीटर लावून हे सापडलं असतं. हेड वाचलं असतं आणि त्या मुलीचं गाणं पुरं झालं असतं. तुम्ही "दोष नाही" म्हणून लिहून दिलंत म्हणूनच मी ते वापरत राहिले.

माझं मागणं असं आहे. ते ४ ओमचं कॅबिनेट परत घ्या आणि खरोखर ८ ओमचं द्या, पाठवण्यापूर्वी मोजून, आणि तो आकडा लेखी द्या. हेड वॉरंटीत दुरुस्त करा किंवा बदलून द्या. जॉब शीटवरचा "चुकीचा लोड" हा शेरा लेखी मागे घ्या. तो कागद माझ्या नावावर आहे आणि मी हाच विषय मुलांना शिकवते. त्या शेऱ्याचं मला हेडच्या नुकसानीइतकंच वाईट वाटलं आहे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्यापुरती नाही. ८ ओमचे स्पीकर चुकून एकाच कॅबिनेटमध्ये गेले असतील असं मला वाटत नाही. त्या दिवशी त्याच खोक्यातले स्पीकर आणखी कॅबिनेटांत बसले असणार. ज्यांच्याकडे असं एकच कॅबिनेट आहे त्यांना काहीच जाणवणार नाही, ४ ओमवर हेड सुखाने चालेल. दुसरं आणतील त्या दिवशी त्यांचंही हेड गप्प व्हायला लागेल आणि त्यांनाही विचारलं जाईल, गिटारची केबल तर लावली नाही ना. माझ्या कॅबिनेटचा अनुक्रमांक सोबत दिला आहे. त्याच्या मागचे-पुढचे क्रमांक शोधा आणि त्या ग्राहकांना तुम्ही स्वतःहून कळवा.

कॅबिनेट आहे तसं ठेवलं आहे. मागच्या पट्टीच्या स्क्रूवरची तुमची सील शाबूत आहे, तिचाही फोटो जोडला आहे. तुमचा माणूस पाठवाल तेव्हा त्याला येताना स्वतःचं मीटर घेऊन यायला सांगा. मोजताना मी शेजारी उभी असेन. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर हेच कागद आणि हेच फोटो घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक, बासवादक आणि शिक्षिका

सोबत: दोन्ही खरेदीच्या पावत्या, दोन्ही जॉब शीटच्या प्रती, मीटरचे, स्टिकरचे आणि सीलचे फोटो, हेड कोणत्या सुरावर बंद पडलं त्याच्या नोंदींची वहीतली पानं, कॅबिनेटचा अनुक्रमांक.