उलाढाल छापलीत, उरलं किती तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आपल्या जिल्हा पुरवणीत माझ्यावर बातमी आली होती. आयटीतली नोकरी सोडून उदगीरच्या तरुणीनं लाकडी घाणा थाटला, वर्षाला 18 लाखांची उलाढाल, असा मथळा होता. सोबत फोटो. त्यात मी लाटेला, म्हणजे घाण्याच्या उखळातल्या लाकडी दांड्याला, हात लावून उभी आहे, आणि इतकी नटून मी घाण्यावर एरवी कधीच उभी राहत नाही. बातमीत खोटं काहीही नव्हतं. आकडा मीच सांगितला होता, आणि सांगताना मान जराशी ताठही झाली होती. तरीही हे पत्र तक्रारीचं आहे. निम्मी तक्रार स्वतःविरुद्ध आहे, एवढं आधीच कबूल करते.

बातमी आली त्या दिवशी दुपारपर्यंत 23 फोन आले. तेल पाहिजे म्हणून आलेले पाच. बाकीचे सगळे 'ताई, मशीन कुठून घेतलं, सबसिडी किती मिळते, महिन्याला किती सुटतात' असे. त्यातला एक मुलगा चाकणच्या कंपनीत आहे, आमच्याच तालुक्यातला. तो म्हणाला, "ताई, ठरलं माझं. सोमवारी पेपर टाकतोय." म्हणजे राजीनामा. मी पंधरा मिनिटं त्याला थोपवत होते आणि त्याला वाटत होतं, ही आपल्याला स्पर्धक समजून घाबरवतेय. चौथ्या दिवशी जागेचे मालक आले. कात्रण शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवलं होतं. भाडं 5 हजारांचं साडेसहा करायचं म्हणाले. "तुमची आता लाखात उलाढाल आहे म्हणं."

काल मला 27 पूर्ण झाली. सकाळी आईनं औक्षण केलं, धपाटे केले, त्यावर आपल्याच घाण्याचं करडईचं तेल घातलं. केक नको म्हणून सांगितलं होतं, कारण त्याच दिवशी कर सल्लागाराकडून मार्चअखेरचे हिशेबाचे कागद यायचे होते. संध्याकाळी ते घेऊन बसले. पुण्यात असताना हिंजवडीत मी पावणेचार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं हाच माझा धंदा होता. काल पहिल्यांदा स्वतःच्या मथळ्यातली चूक शोधायला बसले.

एप्रिल 2024 ते मार्च 2025 या वर्षात तेल आणि पेंड मिळून 18 लाख 40 हजारांची विक्री झाली. हाच तुमच्या मथळ्यातला आकडा. आता त्यातून काय काय गेलं ते सांगते. करडई, शेंगदाणे, थोडे तीळ यांची खरेदी 12 लाख 60 हजार. घाण्यावर मामा आहेत, त्यांचा पगार वर्षाचा 1 लाख 32 हजार. भाडं 60 हजार, वीज 54 हजार. बाटल्या, डबे, लेबलं 78 हजार. पार्सल आणि टेम्पो 46 हजार. बँकेचे हप्ते साधारण 1 लाख 51 हजार. बेअरिंग, पट्टा आणि एकदा मोटारीचं वाइंडिंग भरून घेतलं, त्याचे 11 हजार. उरले 48 हजार. बाराने भागा. महिन्याला 4 हजार. मामांना महिना 11 हजार मिळतात, मालकिणीला 4. बाटल्या त्यांनी धुतल्या काय नि मी धुतल्या काय, हात सारखेच तेलकट होतात. माझ्या बोटांचा ठसा फोन आता ओळखतच नाही, दर वेळी आकडे दाबून उघडावा लागतो.

उलाढाल हा शब्दच बघा. पैसा इकडून आला, तिकडे गेला. हातात काय राहिलं, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. न्यायानं सांगायचं तर नोकरी सोडताना माझ्या हातात 41 हजार पगार पडायचा, आणि तीही एका अर्थी उलाढालच होती. फ्लॅटमधला माझा वाटा, मेस, कॅब, शनिवार-रविवार, घरी येण्याजाण्याचं भाडं जाऊन 14 हजार शिल्लक राहायचे. तेव्हा तुलना 41 हजारांची 18 लाखांशी नाही, 14 हजारांची 4 हजारांशी आहे. असा मथळा कुणी छापणार नाही, हे मलाही कळतं.

मग हा घाणा काढलाच कशाला, असं कुणी विचारेल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले ती दोन वर्षं इथंच राहिले. तेव्हा आई करडईच्या तेलासाठी हळहळायची. आमच्या भागात पूर्वी रब्बी ज्वारीच्या शेताला चारी बाजूंनी करडईचे तास, म्हणजे ओळी, असायच्या. काट्यांमुळं जनावरं आत शिरायची नाहीत, कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, आणि वर्षाचं तेल घरचं. खरिपात सोयाबीन, त्यावर हरभरा, असं चक्र बसल्यावर करडई मागं पडली. तिची काढणी हे तर दिव्यच. पहाटे दव पडलेलं असताना काटे जरा नरम असतात तेव्हाच कापायची, हाताला फडकी गुंडाळून. ऊन चढलं की संपलं. ज्यांच्याकडून मी माल घेते त्या काकू म्हणतात, "बाई, मजूर कुणी येतच नाही बघ करडईला. दुप्पट रोज देते म्हणलं तरी नाही येत." आता कुठं कुठं हार्वेस्टरनं काढतात, पण एक-दोन पट्ट्यांसाठी हार्वेस्टर कोण बोलावणार?

या काट्यांचा माझ्या हिशेबाशी थेट संबंध आहे. करडई निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याच वेळी वर्षभराचा माल भरून ठेवला तर ती मला 65-70 रुपये किलोनं पडते. पण वर्षाला 12 टन लागते, म्हणजे 8 लाख रुपये एकदम मोजायला हवेत. ते माझ्याकडं नव्हते. चार महिन्यांचा माल भरला, पुढचा व्यापाऱ्याकडून वाढीव भावानं उचलत राहिले. आमच्या घाण्यात एक लिटर तेलाला पावणेचार ते चार किलो करडई जाते. किलोमागं 5 रुपये वाढले की लिटरमागं 20 रुपये माझ्या खिशातून गेले, कारण गिऱ्हाइकाला भाव महिन्यागणिक बदलून सांगता येत नाही. तेलाचा धंदा तेल काढण्यात नसून बी साठवण्यात आहे, हे मला दीड वर्षानं कळलं. गावातल्या जुन्या तेली घराण्यांना ते उपजत माहीत होतं. मी मात्र यूट्यूबवर घाण्याचा वेग, मिनिटाला फेरे किती, लाकूड कुठलं, असलं सगळं बघत बसले होते.

आणि तेल काढणं हे तरी कुठं यूट्यूबवर कळतं! पहिल्या महिन्यात मी घड्याळ लावून घाणा चालवायचे. मामा हसायचे. ते घड्याळ बघत नाहीत, कान देतात. उखळात बी नुसतं भरडलं जात असतं तेव्हा लाट करकरते. तेल सुटायला लागलं की आवाज हळूहळू जड होतो, मग जवळपास गप्पच होतो आणि पेंड कडेनं चढायला लागते. शेंगदाण्याला पाण्याचा हबका नेमका कधी मारायचा, हेही त्या आवाजावर. हबका लवकर मारला तर लगदा होतो, उशिरा मारला तर तेल पेंडीतच राहतं. तेल निघालं तरी लगेच बाटलीत भरता येत नाही, दोन-तीन दिवस निवळू द्यावं लागतं. गाळ खाली बसेपर्यंत धीर धरायचा. दर पंधरा दिवसांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती देणाऱ्या कंपनीतून आलेल्या माणसाला हे दोन दिवस फार लांब वाटतात.

जाता जाता, लाकडी घाण्याचं तेल म्हणजे अमृत, असं मी कुणालाही सांगत नाही. बातमीत 'आरोग्यदायी' हा शब्द तुमच्या वार्ताहरांचा आहे. चव चांगली असते, वास खरा असतो आणि काढताना तुम्ही समोर उभे राहू शकता. एवढंच मी म्हणते.

बँकेचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर लिहायला बसले तर पुरवणी लागेल. केंद्र सरकारची सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना 2020 मध्ये आली. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान. माझा प्रकल्प साडेसहा लाखांचा, म्हणजे अनुदान 2 लाख 27 हजार 500. बातमीत हा आकडा वाचून लोकांना वाटलं, सरकारनं पोरीच्या हातात सव्वादोन लाख ठेवले. तसं होत नाही. ते पैसे बँकेतच वेगळ्या खात्यात अडकवून ठेवतात. तीन वर्षं उद्योग चालू राहिला, हप्ते वेळेवर गेले, तर मग ते कर्जात वळते होतात. तोवर आपल्याला फक्त हप्ता दिसतो. योजना चांगली आहे, जिल्ह्यातून नेमलेल्या माणसानं कागदपत्रं एक पैसा न घेता करून दिली. पण 10 लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं असताना एका शाखेनं मला वडिलांच्या घराचे कागद मागितले, आणि वर विचारलं, "लग्न झाल्यावर घाणा सासरी नेणार का?" चार महिन्यांत नऊ हेलपाटे झाले. शेवटी दुसऱ्या बँकेतून काम झालं आणि 2023 च्या दसऱ्याला पहिला घाणा घातला. त्याआधी मार्चमध्येच राजीनामा दिला होता. मधले सात महिने माझं उत्पन्न शून्य. तेही बातमीत नव्हतं.

नसलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती वार्ताहरांनी विचारली असती तरी मी कदाचित टाळली असती. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांना पेन्शन आहे. मी ज्या घरात राहते ते त्यांचं, जेवते ते त्यांचं, परवा दवाखान्याचं बिल आलं तेही त्यांनीच भरलं. महिन्याला 4 हजारांत मी धंदा करू शकते, कारण माझा स्वतःचा खर्च माझ्या हिशेबात कुठंच नाही. ही माझी खरी सबसिडी, 35 टक्क्यांहून कितीतरी मोठी. चाकणच्या त्या मुलाचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात आणि घरी दर महिन्याला त्याचेच पैसे जातात. तो माझी बातमी वाचून पेपर टाकणार होता. काल रात्री मला झोप आली नाही ती माझ्या 48 हजारांमुळं नाही.

मी पुन्हा नोकरी शोधतेय, असा कुणी अर्थ काढू नये. यंदा मार्चमध्ये सात महिन्यांची करडई भरली आहे, दोन मेसवाल्यांकडची उधारी बंद केली आहे, आणि पाच शेतकऱ्यांनी पुढच्या रब्बीत बांधाला तास पेरतो म्हणून शब्द दिला आहे. विक्री 12 लाखांवर गेल्यानं अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरली नाही, परवाना काढावा लागला, तोही काढला. शेजारच्या आजी अजूनही स्टीलची बरणी घेऊन येतात आणि मी सुटं तेल देता येत नाही म्हणते तेव्हा रागावतात, "माझीच बरणी, मग कुणाच्या बापाचं काय जातंय?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी त्यांना बाटली देते आणि घरी गेल्यावर बरणीत ओता म्हणते.

तर मागणी एवढीच. अशा बातम्या जरूर छापा. आमच्यासारख्यांना गिऱ्हाईक त्यातूनच मिळतं, ते पाच फोन मी विसरलेले नाही. पण वार्ताहरांना सांगा, उलाढाल विचारली की लगेच पुढचा प्रश्न विचारा: मालकाच्या हातात किती राहतात? आणि घर कुणाच्या पैशावर चालतं? कुणी नाही सांगितलं तर 'सांगितलं नाही' असं छापा. आणखी एक. माझ्या आगेमागे आमच्या भागात ज्यांनी घाणे घेतले, त्यांतल्या दोघांचे घाणे सध्या विक्रीला आहेत. त्यांच्याकडं कधी फोटोग्राफर पाठवा. मीच पत्ता देते. ते जे सांगतील ते माझ्या बातमीपेक्षा जास्त कामाचं असेल.

चाकणच्या मुलानं अजून पेपर टाकलेले नाहीत. आठ दिवस रजा काढून ये आणि घाण्यावर बस, असं मी त्याला सांगितलं होतं. येत्या सोमवारी येतोय. मामा त्याला बाटल्या धुवायला लावणार आहेत.

शेवटी, शक्य झाल्यास हे पत्र पुरवणीत त्याच पानावर आणि 'शिल्लक 48 हजार' हा आकडा जरा ठळक छापावा. कात्रण काढून जागेच्या मालकांना द्यायचं आहे. साडेसहा हजार भाडं या महिन्यापासूनच मागतायत.

आपली,
घाणेवाली ताई
उदगीर, जि. लातूर
मे 2025