डावखुरीचा चाकू

बाळा,

काल फोनवर विचारलीस खिशातला चाकू कुठला घेऊ, आणि मी रोपलावणीच्या चिखलात उभा, रेंज पण येत-जात, धड काय सांगता आलं नाही. आता जेवून निवांत लिहालोय.

बटण दाबलं की फटकन उघडणारा घेऊ नको. दुकानात लई भारी वाटतो, पण खिशात असताना बटण दाबलं गेलं तर? शिवाय हॉस्टेलात तसला चाकू बघून कुणाला भाजी आठवत नाही.

तुझी खरी भानगड डाव्या हाताची. नखानं ओढून उघडायच्या चाकूची खाच बहुतेक एकाच बाजूला, उजव्या हातवाल्यांच्या सोयीची असते. तसंच लायनर लॉक, म्हणजे मुठीच्या आत एक पातळ पत्रा असतो आणि तो पात्याच्या बुडाला अडवून धरतो, तो पण उजव्या अंगठ्यानं ढकलायच्या हिशोबानं केलेला. डाव्या हातात धरलास तर पहिल्या बोटानं ओढायला लागतो, जमतं, पण मिटवताना बोट पात्याच्या वाटेत येतं तेवढं बघ. त्यापेक्षा अंगठ्यानं उघडायला पात्याला दोन्ही अंगांनी खुंटी नाहीतर आरपार भोक, आणि लॉक मुठीच्या पाठीवर, असा मिळाला तर हात कुठलाही चालतो.

आणि लॉक पाहिजेच. माझ्या बोटावरचा वण बघितलीयस की, तो लॉक नसलेल्या चाकूचा. सौंदत्तीच्या जत्रेत घेतलेला, पातं नुसत्या स्प्रिंगवर उभं. ठिबकच्या पाइपला भोक पाडायला टोक दाबलं आणि पातं उलट बोटावरच मिटलं, चार टाके. तुझी आई अजून त्यावरून बोलते.

म्हणून दुकानात उघडून, बोटं वाटेत न ठेवता, पात्याची पाठ टेबलाच्या लाकडावर हळू दाबून बघ. सुटायला लागलं तर परत दे, पातं आडवं हलत असलं तरी.

ओपिनेल म्हणून फ्रान्सचा एक येतो, 1890 पासूनचा. त्याच्या गळ्याशी फिरती कडी असते, 1955 मध्ये काढलेली, ती फिरवली की पातं पक्कं, त्या कडीला डावं-उजवं काही नाही. 8 नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, तुला बास झालं. पण मूठ लाकडाची, आमच्या जांबोटीच्या दोस्ताकडं आहे, आषाढात फुगून पातं असं अडकतं की मुठीचं बूड दगडावर ठोकूनच बाहेर काढतो. आणि घेतलासच तर स्टेनलेसचा, साध्या पोलादाचं पातं कैरी कापली की काळं पडतं.

कलमाचा चाकू मात्र वेगळाच घ्यायचा, त्याला एकाच अंगानं धार असते, आणि डावखुऱ्यांचा वेगळा मिळतो. धारवाडच्या तुमच्या सरांना विचार, लाजू नको.

बेळगावच्या सांबऱ्याहून विमानानं कुठं गेलीस तर हातातल्या बॅगेत ठेवू नको हां, काढून घेतात. शनिवारी येणार असलीस तर सकाळी फोन कर, बस स्टँडवर येतो.

तुझे बाबा