‘प्लास्टिक लव्ह’ बसवायचं तर घाई नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात जपानी गायिका मारिया ताकेउची यांच्या ‘प्लास्टिक लव्ह’ला ‘जपानमध्ये पडलेलं, यूट्यूबनं तारलेलं गाणं’ म्हटलं आहे. हे अर्धंच खरं. पडली ती सुटी तबकडी, म्हणजे सिंगल. मार्च १९८५ मध्ये आलेली ती बारा इंची तबकडी ओरिकॉनच्या (जपानमधल्या विक्रीच्या) यादीत ८६ व्या क्रमांकाच्या वर गेली नाही. पण गाणं त्याआधीच, एप्रिल १९८४ मध्ये, ‘व्हरायटी’ या अल्बममधून आलं होतं आणि तो अल्बम पहिल्या क्रमांकावर होता. अल्बम घरात असताना तेच गाणं पुन्हा कोण विकत घेईल? २०१७ साली एका चाहत्यानं चढवलेल्या व्हिडिओवरचा तो प्रसिद्ध हसरा फोटोसुद्धा या गाण्याचा नव्हे, त्यांच्या आधीच्या एका सिंगलचा. फोटोच्या हक्कावरून २०१८ च्या डिसेंबरात व्हिडिओ काही महिने उतरला, तेव्हा व्ह्यूज दोन कोटींच्या पुढे गेले होते.

लेखाच्या शेवटी ‘आपल्या ऑर्केस्ट्रांनी हे वाजवावं’ अशी सूचना आहे. जरूर वाजवावं, फक्त डिस्को वळणाचं गाणं म्हटलं की मिनिटाला १२० ठोके, ही सवय आधी सोडावी लागेल. हे गाणं शंभरच्या आसपास चालतं. नेटवरची वेग वाढवलेली व्हर्जन ऐकून बसवाल तर फसाल, कारण नुसता वेग १०२ चा १२० केला की सूरही चढतो: पांढरी एकच्या पट्टीतलं गाणं जवळजवळ काळी दोनला जाऊन बसतं आणि गायिकेचा जीव टांगणीला.

हे हातानं वाजवलेलं गाणं आहे. संयोजन तात्सुरो यामाशिता यांचं, ड्रम्स जुन आओयामा, बास (खर्जाची गिटार) कोकी इतो. ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रमवर) दर ठोक्याला ‘धप्’ लावून दिलं की संपलंच. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर ठेवा, हाय-हॅट (पायानं मिटणाऱ्या झांजा) चार ठोक्यांत सोळाच्या हिशेबानं आणि हलक्या हातानं. गिटारवाल्याचा उजवा हात अखंड हलता हवा. आवाज तोडायचा तो डाव्या हाताची बोटं सैल करून. उजवा थांबवला की लय तिथंच लंगडते. कीबोर्डवर इलेक्ट्रिक पियानोचा टोन घ्या, कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) सेव्हन्थ-नाइन्थच्या, म्हणजे चार-पाच सुरांच्या, धरा. साध्या तीन सुरांत हे गाणं बालगीत होतं. आणि डाव्या हातानं मूळ सूर दाबू नका, ते काम बासचं आहे.

खरी गोची मैदानात होते. मिरवणुकीच्या सवयीनं १८ इंची सबवर (खर्जाच्या स्पीकरवर) ५० हर्ट्झचा घुमारा चढवलेला असतो. त्यात किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास यांचा एकच गोळा होतो; जमीन हादरते, पण बासचा एक सूर ओळखू येत नाही. बासची बोटं ऐकू येतात ती ७०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात. तिथं थोडं वाढवा, सब खाली घ्या, कीबोर्डचं २०० च्या खालचं सगळं कापा. तेवढ्यानं सुटलं नाही तर कीबोर्डवाल्याला अर्धे सूर सोडायला सांगा. तो कुरकुरेल, पण गाण्यातल्या मोकळ्या जागा भरल्या की मग गायिकेला श्वास घ्यायला फट राहत नाही.

जपानी शब्दांचं टेन्शन नको, प्रत्येक स्वर सुटा उच्चारला की पुरे.

आपले,
ऑर्केस्ट्रातले काही वादक आणि साउंडवाले, कोल्हापूर