भिंतीतलं भोक बुजवू नकोस

धरमपेठ, नागपूर
१२ मार्च

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. काटोलच्या घराच्या मागच्या भिंतीतल्या भोकात सुतार पक्ष्यानं घर केलंय, घाण वास येतोय, म्हणून मिस्त्री बोलावून ते बुजवणार म्हणतोस. थांब रे! तो सुतार नाही, हुदहुद आहे.

तांबूस तुरा, त्याची टोकं काळी, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब बाकदार चोच, असंच लिहिलंस ना? मग शंकाच नको. सुतार खोडावर चढतो, हा जमिनीवर चालतो. आपल्या महाराजबागेतल्या हिरवळीवर सकाळी बघ कधी. तुरा एरवी मागे मिटलेला असतो. खाली उतरला किंवा दचकला की जपानी पंख्यासारखा उलगडतो आणि लगेच मिटतो. तेवढ्यासाठी मी कितीही वेळ उभा राहतो. मातीत खुपसलेली चोच आतल्या आत उघडायची ताकद असते त्याच्यात, म्हणून खोलवरच्या अळ्या, कोष, किडे त्याला ओढून काढता येतात. तुझ्या संत्र्याच्या बागेला याहून चांगला शेजारी कोणता?

आता वासाचं. अंडी उबवणाऱ्या मादीच्या आणि पिल्लांच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. या दिवसांत तिचा स्राव गडद होतो आणि सडक्या मांसाचा वास मारतो. त्यानं शत्रू लांब राहतात, शिवाय त्यातले जिवाणू अंड्यांना रोगजंतूंपासून वाचवतात. म्हणजे तुला नकोसा झालेला वास हे त्यांचं औषध आहे.

आणि मुख्य गोष्ट: मादी एकटीच उबवते, नर बाहेरून आणून तिला भरवतो. तू ये-जा करताना पाहिलास तो नर असणार, मादी आतच बसलेली आहे. भोक बुजवलंस तर ती अंड्यांसकट कोंडून मरेल.

अंडी उबायला १५ ते १८ दिवस, मग पिल्लं उडायला साधारण चार आठवडे. एप्रिल सरेपर्यंत कळ काढ. पोरांना भोकात डोकावू देऊ नकोस, आठवड्याभराची पिल्लंसुद्धा फुत्कारतात आणि नेमकी शिटेची पिचकारी मारतात. जमलं तर नंतरही ते भोक तसंच राहू दे, जागा लाभली की हे पक्षी ती पुन्हा वापरतात. मिस्त्रीला बाकीची भिंत लिंपू दे की.

पिल्लांचा आवाज आला की फोन कर, मी येतोच. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन